अभिप्रायवहीतले काका

कुणाकडे पाहुणे आले की आमच्या सोसायटीत ती बातमी सगळ्यांत आधी दोन माणसांना कळते. एक वॉचमन, कारण गाडी कुठे लावायची यावरून त्याचं पाहुण्यांशी भांडण होऊन गेलेलं असतं. आणि दुसरे तिसऱ्या मजल्यावरचे काका. काका बँकेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्या बारा वर्षांत त्यांनी सोसायटीतल्या एकाही पाहुण्याला शनिवारवाडा धड बघू दिलेला नाही.

माझा भाचा न्यू जर्सीहून आला तेव्हा बॅगा लिफ्टमध्येच होत्या, आणि काका जिन्यात.

"काय बघणार पुण्यात?"

"शनिवारवाडा," भाचा म्हणाला. बिचाऱ्याने इंटरनेटवर वाचलं होतं.

"नुसत्या भिंती आहेत रे! आतला वाडा १८२८ सालीच जळाला. जवळजवळ दोनशे वर्षं उशीर केलास तू." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की भाच्याने चक्क 'सॉरी' म्हटलं. "उद्या सकाळी साडेनऊला खाली ये. पाण्याची बाटली घे. बूट लेसचे नकोत, काही ठिकाणी काढावे लागतात."

काकांना मोठं म्युझियम आवडत नाही. मुंबईचं आवडत नाही, दिल्लीचं तर नाहीच. लेकीकडे लंडनला महिनाभर राहून आले, तेव्हा ब्रिटिश म्युझियमबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपलं होतं : "फार चालावं लागतं, आणि कोणी ओळखत नाही." त्यांचं म्युझियम म्हणजे तीन ते आठ खोल्या, एक लाकडी जिना, एक करकरणारा पंखा आणि आपण आत शिरल्यावर दिवे लावणारा नि बाहेर पडल्यावर बंद करणारा एक शिपाई. असली ठिकाणं पुण्यात किती आहेत हे पुणेकराला ठाऊक नसतं. काकांना नुसती ठाऊक नाहीत, तर कुणाची सुट्टी कुठल्या वारी, जेवणाची वेळ कुठे पाळतात आणि कुठल्या खोलीतली ट्यूब लागायला वेळ घेते, हे सगळं त्यांच्या डोक्यात बँकेच्या लेजरसारखं मांडलेलं आहे. तरीही निघण्यापूर्वी ते लँडलाइनवर फोन करतात. "उघडं आहे ना? नाही, मी येतोय म्हणून विचारलं." पलीकडून क्षणभर काही ऐकू येत नाही. त्या शांततेचा अर्थ काकांनी आजवर लावलेला नाही.

त्यांच्या शबनम पिशवीत एक टॉर्च, एक भिंग, शिंप्याची टेप आणि श्रीखंडाच्या गोळ्या असतात. गोळ्या शिपायांसाठी. टेप कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. "पाटीवर लांबी लिहिलेली असते," ते म्हणाले, "पण कोणी मोजलेली असते का?"

दुसऱ्या दिवशी भाच्याची स्वारी निघाली राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे. सोबतीला मी, आणि 'तुम्ही एकट्याने नेलंत तर पोरगं परत अमेरिकेला पोचायचं नाही' म्हणून काकू.

केळकर संग्रहालय म्हणजे काकांचं पंढरपूर. दिनकर केळकरांचा घरचा धंदा चष्म्यांचा. स्वतः ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. कवीला शोभेल अशा अव्यवहाराने त्यांनी गावोगाव फिरून समया, दौती, कुलपं, वाद्यं, भांडी, दारं असं जे जे लोक मोडीत काढत होते ते ते गोळा केलं. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव या संग्रहाला दिलं आणि शेवटी तो सगळा सरकारच्या हवाली केला. हे सांगताना काका टॉर्च बंद करतात. बाकी कुठल्याही वस्तूबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढतो, इथे उतरतो. मग घसा खाकरून ते म्हणतात, "आणि पत्नी कमलाबाई पाठीशी होत्या म्हणून झालं हो हे."

"मीही आहेच की पाठीशी," काकू म्हणाल्या. "म्हणून तर घरात रद्दीवाला येतो."

संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत, आणि मांडलेल्या साधारण अडीच हजार. हा आकडा कळल्यापासून काकांमधला बँकवाला बेचैन आहे. "साडेसतरा हजारांचा फरक आहे," ते भाच्याला म्हणाले. जागेअभावी बाकीच्या वस्तू भांडारात ठेवाव्या लागतात, जगभरच्या संग्रहालयांत हेच चालतं, हे त्यांना चांगलं माहीत आहे. पण तीस वर्षं संध्याकाळी शिल्लक जुळवल्याशिवाय उठायचं नाही, अशा नोकरीत काढलेल्या माणसाला ही गोष्ट पटली तरी पचत नाही.

कोथरूडहून उचलून आणून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल झाला, मगरीच्या आकाराची वीणा झाली, विंचवाच्या आकाराचं कुलूप झालं. त्या कुलपासमोर काका पंचवीस मिनिटं होते. किल्ली कुठून जात असेल याचे त्यांनी तीन सिद्धान्त मांडले, आणि तिन्ही सिद्धान्तांत स्वतःच विंचू झाले. भाचा हसत होता. मग आले अडकित्ते. सुपारी कातरण्यासारख्या क्षुल्लक कामासाठी आपल्या कारागिरांनी काय काय कल्पना लढवल्या! घोडे, पक्षी, आणि काही ठिकाणी स्त्री-पुरुषांच्या जोड्या, अंमळ जास्तच जवळ आलेल्या. तिथे काकांची गाडी एकदम जलद झाली. "हे... हे धातुकाम," एवढंच म्हणून ते पुढच्या खोलीत गेले. भाच्याला तोवर पुण्यात फारसा रस नव्हता, तो तिथेच थांबला.

पुढच्या खोलीत वज्री होत्या. पूर्वी पाय घासायला वापरत, त्या. एवढीशी चीज, पण वर मोर, पोपट, हत्ती, खाली खरबरीत तळ, आणि काहींच्या आत खडे, घासताना छुमछुम वाजावं म्हणून. काका उत्साहाने सांगत होते, आणि काकू शांतपणे मला.

"दोन वर्षांपूर्वी यांना म्हटलं, टाचांना भेगा पडल्यात, बाजारातून पाय घासायचा दगड आणा. तर म्हणाले, चल, तुला वज्री दाखवतो. इथे आणलं. दाखवली. दगड अजून आलेला नाही."

इथे मला काकांची बाजू घ्यायला हवी. ज्या माणसाच्या घरातला मिक्सर तीन महिने बंद आहे तो दोनशे वर्षांपूर्वीच्या समईचा तेल गळू न देणारा जोड उलगडून सांगतो, यात विसंगती आहे, मान्य. पण मिक्सर दुरुस्त करणारे पुण्यात पुष्कळ आहेत. समईपुढे उभं राहून 'हे कोणी केलं असेल रे?' असं विचारणारा मला तरी हा एकच भेटला. विचारून तो उत्तराची वाट बघत नाही हा भाग सोडा.

काकांच्या यादीतली दुसरी जागा कर्वे रस्त्याजवळची, जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम. भाऊ जोशी यांनी छंद म्हणून आगगाड्यांच्या प्रतिकृती जमवता-जमवता अख्खं एक गावच उभं केलं आणि १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. रूळ, सिग्नल, पूल, सर्कससुद्धा. सगळं टेबलावर. काका तिथे पहिल्या रांगेत, बालवाडीच्या मुलांच्या मधोमध बसतात. त्यांनी तो खेळ इतक्यांदा बघितलाय की गाडी कुठे वळणार आणि कुठे थांबणार ते आधीच जाहीर करतात. "आता बघा हं, रात्र होणार!" आणि दिवे मंद झाले, की जणू सूर्य आपणच मावळवला अशा चेहऱ्याने मागे वळून बघतात. मागच्या खेपेला शेजारच्या चार वर्षांच्या मुलाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, "आजोबा, तुम्ही नका ना सांगू." काका पुढची दहा मिनिटं गप्प होते. सोसायटीच्या वार्षिक सभेतही हे कोणाला जमलेलं नाही.

घोले रस्त्यावरचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय १८९० सालचं, एके काळी लॉर्ड रे या गव्हर्नरांच्या नावाने ओळखलं जाणारं औद्योगिक म्युझियम. काका आजही रिक्षावाल्याला 'रे म्युझियम' सांगतात. रिक्षावाला 'कुठलं रे?' म्हणतो. काका 'तेच रे' म्हणतात. हा संवाद मी प्रत्यक्ष ऐकलाय, आणि दोघांपैकी एकही हसलेला नव्हता.

स्टेशनजवळच्या आदिवासी संग्रहालयात ते बोहाड्याच्या मुखवट्यांपुढे उभे राहून कोणता मुखवटा त्यांच्या जुन्या कोणत्या मॅनेजरसारखा आहे ते सांगतात. सहकारनगरच्या क्रिकेट म्युझियमवर मात्र त्यांचं मन अजून बसत नाही. "सगळ्या वस्तूंचे मालक टीव्हीवर दिसतात," हा त्यांचा आक्षेप आहे. वस्तू बघायची तर तिचा मालक निनावी आणि जाऊन किमान शंभर वर्षं झालेला हवा, असा त्यांचा दंडक.

तो दंडक एकाच ठिकाणी मोडतो. सेनापती बापट रस्त्यावर बाबासाहेब आंबेडकरांचं संग्रहालय आहे. पत्नी माईसाहेबांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत. त्यांत एक व्हायोलिन आहे. काका तिथे पिशवीतून काहीच काढत नाहीत. टॉर्च नाही, टेप नाही. मी विचारलं तर म्हणाले, "एवढं वाचून, एवढं लिहून, माणूस व्हायोलिन शिकायला बसला. मी निवृत्त झाल्यावर पेटी शिकेन म्हणत होतो." आणि बाहेर येऊन श्रीखंडाची गोळी स्वतःच खाल्ली.

पण काकांचा हुकमाचा एक्का म्हणजे डेक्कन कॉलेज आणि इनामगावची गोष्ट. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, ऐन उन्हात, येरवड्याच्या बाजूला त्यांनी भाच्याला ती ऐकवली. घोड नदीच्या काठी इनामगावला या कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. मेलेल्यांना तिथे घरातच, जमिनीखाली पुरत. आणि मोठ्या माणसांची पावलं घोट्यापासून तोडून.

"पावलं? का?"

"मेलेला माणूस परत येऊ नये म्हणून, असा अंदाज आहे." काकांनी इथे थांबून परिणाम पाहिला. "पण एक जण मात्र पायांसकट सापडला! चार पायांच्या, पोट सुटलेल्या मातीच्या रांजणात, पाय दुमडून बसवलेला. म्हणजे गावचा कोणी मोठा असामी असणार."

"पीएमटीत खिडकीची जागा मिळाली की असंच बसावं लागतं," मी म्हटलं. काकांनी लक्ष दिलं नाही.

भाचा वाकून आपले पाय चोळत होता. तीन दिवसांत त्याने अकरा संग्रहालयं, चार लाकडी जिने आणि एक बंद दार पाहिलं होतं. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "आमच्याकडे पावलं तोडायची गरजच पडत नाही. हे एकदा हिंडवून आणतात, पाहुणे आपोआप परत येत नाहीत."

आता अभिप्रायवहीचं सांगायला हवं. प्रत्येक छोट्या संग्रहालयाच्या दाराशी एक वही असते, दोरीला बांधलेलं पेन असतं, आणि ते उमटत नाही. लोक त्यात 'खूप छान', 'अतिशय सुंदर', 'पुन्हा येऊ' असं लिहितात आणि कधीच पुन्हा येत नाहीत. काकांना 'खूप छान' या शब्दांची शिसारी आहे. "खूप छान म्हणजे काय? काय छान? कुठलं कपाट?" ते स्वतःचं पेन काढतात, तारीख टाकतात आणि बँकेच्या भाषेत क्रमवार लिहितात. 'अ) पाटीवरील वेलांटी दुरुस्त करावी. ब) पश्चिमेकडील खिडकीतून वस्त्रांवर ऊन येते. क) योग्य ती कार्यवाही त्वरित व्हावी.' खाली लफ्फेदार सही. पुढच्या भेटीत ते आधी वही उघडतात, आपलं पान काढतात, मग आत जाऊन वेलांटी बघतात. वेलांटी बारा वर्षं तशीच आहे. वहीत त्यांना कुणी उत्तर दिल्याचं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याबरोबर अशाच एका ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना उगाच फोन येतील. आत आम्ही दोघंच. शिपाईदादांनी ट्यूब लावली, गोळी घेतली. काकांनी वही उघडली, चार महिन्यांपूर्वीचं पान काढलं. त्यांच्या अक्षरात होतं : 'कपाट क्र. ४. पाटीवर "टांगता दिवा" असे लिहिलेले असून दिवा बैठा आहे. पाटी चुकीची. बदलावी.' आणि त्याच्या खाली, त्या न उमटणाऱ्या पेनाने दोनदा गिरवून, दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं : 'पाटी बरोबर आहे. साखळी कपाटामागे पडलेली होती. दिवा टांगला. बघून जावे.'

काकांनी ते भिंग लावून वाचलं. मग पिशवी टेबलावर ठेवून आत गेले. मी दारातूनच बघत होतो. चौथ्या कपाटासमोर ते हात मागे बांधून उभे होते, आणि दिवा काचेमागे आपल्या साखळीला लोंबत होता. बराच वेळ तिथे होते. टेप पिशवीत इथेच राहिली होती, तीही त्यांनी मागितली नाही.

परत आले, दोरीचं पेन घेतलं, तळहातावर चारदा घासून उमटवलं, आणि त्या ओळीखाली तारीख घालून लिहिलं, 'पाहिला. खूप छान.'