आदिलशहाच्या वाड्यावर मान्यांची स्वारी

म्हसवडकराला विजापूर कधी परकं वाटत नाही. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला तिकडची माणसं येतात, तेव्हा आपणही कधीतरी त्यांच्या सुलतानाकडे जाऊन यावं, एवढाच हिशेब. आमच्या क्रूझरमध्ये मात्र आणखी एक हिशेब बसला होता. आण्णा. आण्णा माने भावकीतले. म्हसवडचे माने आदिलशाहीतले सरदार-देशमुख. त्यामुळे आण्णांच्या मते आम्ही सहलीला नव्हे, थकबाकी वसूल करायला निघालो होतो.

दिघंची, आटपाडी, जत मागे पडलं. तिकोट्याला चहा झाला. दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या तशी पोरं गप्प झाली आणि आण्णांना जोर चढला. "हा सगळा मुलूख आपल्या मालकांचा," ते म्हणाले.

"कुठल्या मालकांचा?" गाडीतल्या मावशींनी विचारलं.

"आदिलशहाच्या."

"मंग आपुन चाकर का वो?"

आण्णा खिडकीबाहेर बघू लागले.

विजापुरात गाईड भेटला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तोंडात मराठी, कानडी आणि दखनीची भेळ. त्यानं आधी भाव सांगितला नाही, गाव विचारलं. ही त्याच्या धंद्यातली खरी मेख. गिऱ्हाईक कुठलं ते कळलं की कथा कुठून सुरू करायची ते ठरतं. दिल्लीकराला तो ताजमहाल सांगत असणार, बंगळुरूकराला विजयनगर. आम्ही म्हसवड म्हणताच तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "म्हसवड? म्हणजे माने सरकार!"

आण्णांनी भाव न विचारताच त्याला ठरवून टाकलं.

पहिल्यांदा तट. शहराभोवती सुमारे 10 किलोमीटरचा कोट, त्याला 96 बुरूज. आकडा ऐकताच आण्णा ताठ झाले. "शहाण्णव! आपली कुळं जेवढी, बुरूज तेवढेच." गाईडनं लगेच मान डोलवली. आम्ही 90 कुळांचे असतो, तर त्यानं सहा बुरूज पाडायलाही कमी केलं नसतं. पुढची माहिती मात्र खरी होती. पहिल्या अली आदिलशहानं 1565च्या सुमारास हा तट पुरा केला, तो सरदारांना एकेक तुकडा नेमून देऊन. म्हणून एक बुरूज दुसऱ्यासारखा नाही. कुणी मन लावून बांधला, कुणी हुकूम झाला म्हणून.

"यातला आमचा कुठला?" आण्णांनी विचारलं.

गाईडनं जवळच्याच एका पडक्या बुरुजाकडे बोट दाखवलं. आण्णांनी दुसऱ्या, जरा धडक्या बुरुजापुढे फोटो काढून घेतला.

मधोमध अर्किल्ला. त्याला स्वतःचा वेगळा कोट आणि आत सुलतानांचे महाल. 1885 साली जिल्ह्याची कचेरी कलादगीहून इथं आली, तेव्हा इंग्रजांनी नवी इमारत बांधायचा खर्च वाचवून सरळ महालांतच दप्तरं मांडली. जिथं शहजादे वाढले, तिथं फायली वाढल्या. मावशींना हे फार आवडलं. "राजवाड्यात कलेक्टर बसला तरी सातबारा मिळायला तेवढाच येळ लागत आसंल," असा त्यांचा अंदाज.

मग गगन महाल, 1561चा. मधली कमान 60 फुटांहून रुंद. खाली दरबार भरायचा, वर सुलतानाचा मुक्काम. लाकडी मजले आणि छप्पर गेलं आणि आता दरबारात थेट आभाळ उतरतं. पोरांनी तिथं क्रिकेटची खेळपट्टी मोजली. आण्णांनी मात्र चपला काढल्या, कमानीखाली जागा नक्की केली आणि मुजऱ्याच्या बेतानं वाकले. कंबर तिथंच धरली. सरळ करायला ड्रायव्हर लागला.

गाईडनं इथं आवाज खाली आणला. 1686मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं. सिकंदर आदिलशहाला चांदीच्या बेड्या घालून याच महालात त्याच्यापुढे उभं केलं, असं तो सांगत होता. पोरांचे डोळे मोठे झाले. मावशींचे बारीक.

"तवा आपलं माने कुठं हुतं?"

"नागोजीराव माने पुढं औरंगजेबाकडे गेले," गाईड बोलून गेला.

"आन् सेनापती संताजी घोरपड्यांचा घात केला तो?" मावशींनी म्हसवडचं सगळ्यात अवघड पान उघडलं. "1697 साली!"

आण्णांची कंबर पुन्हा धरली. गाईड मुरलेला. "मावशी, संताजींनी नागोजीरावांच्या मेव्हण्याला हत्तीच्या पायी दिलेलं. नागोजीराव शब्दाचे पक्के. बदला घेतला!" आण्णांनी त्याला पाण्याची बाटली दिली.

पुढं सात मंझिल. नाव सातांचं, उभे मजले त्याहून कमी. त्याच्यासमोर जलमंझिल, कधीकाळी पाण्यानं वेढलेला चिमुकला नक्षीदार मंडप. सुलतानांनी तोरवीहून शहरात पाणी खेळवलं होतं, महालांत नळ आणि हौद होते. आता हौद कोरडा आणि भोवती रिक्षा. माणदेशी माणसाला कोरडा हौद दाखवणं म्हणजे आरसा दाखवणं. आमच्यातल्या एकानं वाकून तळ बघितला आणि पावती दिली, "गाळ आपल्या राजेवाडीच्या तळ्यापेक्षा कमी हाय."

मलिक-ए-मैदान तोफेपाशी ड्रायव्हर जागा झाला. 1549मध्ये अहमदनगरला ओतलेली, परांड्यावरून इथं आणलेली, 55 टनांची. तोंड सिंहाचं आणि त्याच्या जबड्यात हत्ती. 1854मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली, तेव्हा बोली 150 रुपयांवर थांबली. साहेबाला लाज वाटून विक्री रद्द झाली म्हणून ती इथं आहे. ड्रायव्हरनं तोफेवरून हात फिरवला आणि हळहळला, "दीडशात आता क्रूझरचं पंक्चर निघत न्हाय."

शेवटी गोल घुमट. आत 38 मीटर व्यासाचा घेर आणि एकही खांब नाही. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला शब्द न् शब्द ऐकू येतो. प्रत्यक्षात शाळेच्या सहलींच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि त्या थांबवायला पहारेकरी फुंकतो ती शिट्टीही. मधेच क्षणभर शांतता झाली. आण्णांनी ती साधून ड्रायव्हरच्या कानाशी, भिंतीला टेकून सांगितलं, "गाईडला शंभर कमीच देऊ."

घुमटाच्या पलीकडच्या टोकाहून स्वच्छ मराठीत उत्तर आलं, "आण्णा, माने सरकार शब्दाचे पक्के."

एकदा नव्हे. घुमटानं ते पुनःपुन्हा सांगितलं. आण्णांनी उतरताच शंभर जास्त दिले.

गाडीपाशी येईतो गाईडला दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं. कागलकडची गाडी, काचेवर संताजींचा घोड्यावरचा फोटो. त्यानं गाव विचारलं, दोन पावलं मागे सरला आणि हात जोडून म्हणाला, "कापशी? म्हणजे सेनापतींचं गाव! चला, त्या दगाबाज नागोजीची हकीकत..."

"ड्रायव्हर, गाडी काढ," आण्णा म्हणाले.

"थांबा की," मावशी उतरायला लागल्या, "ओळख तरी करून देते!"