खाली चोवीस, वर एक

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आणण्याचे प्रकार तसे बरेच. आधी डायल-अप. मोडेम किंचाळायचा, ५६ केबीपीएसच्या वर जायचा नाही आणि तिकडे मावशी तासभर एंगेज टोन ऐकत बसायची. मग आयएसडीएन, ६४च्या दोन वाहिन्या जोडून १२८. तो घरात क्वचितच, ऑफिसात जास्त. आणि मग आला एडीएसएल. तार तीच, बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली, डेटा त्याच्या वर, आणि दोघांची भांडणं नकोत म्हणून मध्ये स्प्लिटर नावाची डबी.

यातला ‘ए’ म्हणजे असिमेट्रिक. असमान. एडीएसएल२+ घेतलं तर खाली येताना २४ एमबीपीएसपर्यंत, वर जाताना जेमतेम एकाच्या आसपास. गिऱ्हाईक घेणार जास्त, बोलणार कमी, हे गृहीतच. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात किमान २५६ केबीपीएस लिहिलं, तेही डाउनलोडचं. २०२३मध्ये ती अट २ एमबीपीएस झाली, पुन्हा डाउनलोडचीच.

केंद्रशासित दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाकराला ही असमानता वेगळी शिकवावी लागत नाही. विधानसभा नाही, प्रशासक दिल्लीहून येतो. २६ जानेवारी २०२०ला दमण-दीवसोबत विलीनीकरण असं डाउनलोड झालं की सकाळी उठलो तर राजधानी दमणला गेलेली. अपलोडला आमचा खासदार एक.

बरं, सामानाची टंचाई म्हणावी तर तीही नाही. तांबं शुद्ध करून त्याच्या सळ्या ओढणारा कारखाना सिल्वासात, ऑप्टिकल फायबरच्या केबल बनवणारे दादरा-राखोलीत. तांब्याच्या तारेचा एक नियम मात्र कारखान्याला बदलता येत नाही: एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी, चार-पाच किलोमीटरनंतर सिग्नलचा जीव जातो. दिल्ली हजार किलोमीटरच्या पलीकडे.

दोन्ही बाजूंना सारखा वेग देणारा एसडीएसएल नावाचा प्रकारही जगात निघाला. तो महाग, कंपन्यांसाठी.

एकदा मात्र आमचं अपलोड पूर्ण झालं होतं. पोर्तुगीजांपासून मुक्ती १९५४ची, पण भारतातल्या विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या बरोबरीनं सही करायला दर्जाचा माणूस हवा, म्हणून ११ ऑगस्ट १९६१ला के. जी. बदलानींना एका दिवसाचे पंतप्रधान केलं. बदलानी आयएएस अधिकारी. भारत सरकारनंच इथं पाठवलेले.