गृहोपयोगी

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मराठी घरांत हा गृहस्थ हमखास भेटतो. सॉफ्टवेअरमधली नोकरी, पुढे आलेलं पोट, आणि आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काहीही न घेण्याचा बाणा. जे घेतो ते 'घरासाठी'.

2000 साली शिकायला आला तेव्हा घर नव्हतंच, तीन रूममेट होते. तरी प्लेस्टेशन 2 त्यानं घरासाठीच घेतला. 299 डॉलरमध्ये डीव्हीडी प्लेअर पडतोय, गेम काय, फुकटात, असा हिशेब. पुढे लग्न झालं, 2006च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन 3 आला आणि हिशेबाला धार चढली. साठ जीबीवाला 599 डॉलरना. आकडा ऐकून बायकोनं कुकरखालचा गॅस बंद केला. हा शांत. "सॅमसंगचा नुसता ब्लू-रे प्लेअर हजार डॉलरना आलाय. म्हणजे आपले चारशे वाचले."

"वाचलेले कुठे ठेवलेस?"

गंमत म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता. सोनीला ब्लू-रे घराघरांत शिरवायचा होता आणि त्यापायी ती हे यंत्र तोटा खाऊन विकत होती. तिची सगळी भिस्त असल्या संसारी नवऱ्यांवरच!

साडूकडे एक्सबॉक्स 360. त्यानं ब्लू-रेऐवजी तोशिबाच्या एचडी डीव्हीडीवर भरवसा ठेवून दोनशे डॉलरचा वेगळा ड्राइव्ह जोडलेला. सव्वा वर्ष दोघांनी एकमेकांच्या घरी जेवताना एकमेकांच्या डिस्कची कीव केली. 19 फेब्रुवारी 2008 रोजी तोशिबानं हात टेकले. ह्यानं लगेच फोन केला. आवाज दुखवट्याचा, चेहरा पेढे वाटायचा.

उन्हाळ्यात सांगलीहून आई आल्या. बॅगेत मेतकूट, भाजणी आणि मराठी नाटकांच्या व्हीसीडी. यंत्रानं पहिली डिस्क आत ओढली, बराच वेळ विचार केला आणि ओळखच दाखवली नाही. व्हीसीडी त्याच्या गावीच नव्हती. मग सुनेनं लायब्ररीतून डीव्हीडी आणली. ती लागली, पण यंत्राला ब्लूटूथच लागतं, टीव्हीचा साधा रिमोट चालत नाही. आई गेमचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरून बसल्या, आरतीचं तबक धरावं तशा. "थांबवायला त्रिकोण दाबू की फुली?"

तिसऱ्या दिवशी बायको स्वस्तातला एक चिनी डीव्हीडी प्लेअर घेऊन आली. त्यावर सगळं चाललं. नाटकं, डीव्हीडी, बारशाची शूटिंगसुद्धा. टीव्हीखालची जागा त्याला मिळाली.

"घराला उपयोग नाही म्हणून टाकून कसं देणार?" म्हणत आपले गृहस्थ जड पावलांनी प्लेस्टेशन बेसमेंटमध्ये घेऊन गेले. बायकोला इतकं वाईट वाटलं की ती चहा घेऊन मागोमाग उतरली. खाली भिंतीवर नवा टीव्ही लागलेला होता.

पाहुण्यांसाठी.