पत्रिका जुळत नाही

आमचे एक स्नेही ऑकलंडला असतात. माउंट रॉस्किलला घर, मागे सतरंजीएवढं अंगण. परवा फोनवर म्हणाले, ‘‘बर्नीज घेतोय.’’ मला वाटलं, गालिचा असेल.

‘‘अहो, कुत्रा! बर्नीज माउंटन डॉग. शुद्ध स्विस.’’

बर्नच्या शेतकऱ्यांच्या दुधाच्या गाड्या ओढणारा, अंगावर दुहेरी लोकर वागवणारा, चाळीस-पन्नास किलोंचा हा डोंगरी गडी. ऑकलंड शहराच्या मध्यवर्ती भागातला सर्वांत उंच डोंगर माउंट ईडन, तो 196 मीटर. फेब्रुवारीत तिथली हवा अशी दमट, की दादरच्या माणसाला माहेरी आल्यासारखं वाटावं. पण कुत्र्याच्या नावात ‘माउंटन’ आणि पत्त्यात ‘माउंट’, एवढ्यावर योग जुळलेला होता.

‘‘कागदपत्रं पक्की आहेत. पणजोबापर्यंतची नावं!’’

तिकडे ‘डॉग्ज न्यूझीलंड’ नावाची संस्था (पूर्वीचा केनेल क्लब) शुद्ध जातीच्या पिल्लांची वंशावळ नोंदवते. त्या कागदावरून पिल्लू कुणाचं ते कळतं. धडधाकट आहे का, ते कळत नाही. आपल्या देशमुखी घराण्यांच्या वंशवृक्षावरूनही फार काही कळायचं नाही, ते सोडा. गंमत अशी की हेच स्नेही मुलाच्या लग्नात ‘गोत्र एकच निघालं’ म्हणून सोन्यासारखी मुलगी सोडून आले होते. कुत्र्यात मात्र सगोत्राचेच जादा पैसे मोजायला तयार! 2021 साली 227 जातींच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अंतःप्रजननाचं सरासरी प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे सख्ख्या बहीणभावांच्या पिल्लात असतं तेवढं. त्यात न्यूझीलंड पडलं बेटांचं. एखाद्या जातीची मोजकीच घराणी असली, की वंशावळीत तेच आजोबा दोन्हीकडून नमस्कार घेतात.

मग गुणमेलन. मोठ्या कुत्र्यांचं पहिलं दुखणं खुब्याचं: मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसत नाही. म्हणून आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढून गुण देतात. एका खुब्याला शून्य ते 53, दोन्ही मिळून 106. स्नेही आनंदानं म्हणाले, ‘‘बापाला साठच्या वर आहेत. फर्स्ट क्लास!’’ हे गुण दोषांचे असतात, शून्य मिळवणारा पहिला येतो, हे मराठी पालकाच्या गळी उतरवायला मला पंधरा मिनिटं लागली. कोपरांची तपासणी वेगळी, तिथेही शून्यच उत्तम. आणि ‘आईबाप अगदी ठणठणीत आहेत हो’ हे विकणाऱ्याचं वाक्य म्हणजे एक्स-रे नव्हे.

‘‘आजोबा कितव्या वर्षी गेले, ते विचारलंत?’’ मी म्हणालो.

‘‘अपशकुनी बोलू नका.’’

पण बर्नीजच्या बाबतीत हाच प्रश्न खरा. या जातीचं आयुष्य सरासरी सात-आठ वर्षांचं आणि कर्करोग तिच्या पाचवीलाच पुजलेला. त्यातला एक जहाल प्रकार बाकीच्या जातींत क्वचित दिसतो. तो यांच्या घराण्यांतून उतरत येतो. बाप दोन वर्षांचा, दिसायला राजबिंडा, गळ्यात प्रदर्शनातल्या फिती. त्याला अजून काही झालेलं नाही, कारण व्हायचं वय आलेलं नाही. पत्रिका बघायची ती दहाव्या वर्षीही जिना चढणाऱ्या आजीची. पिल्लाचे डोळे बघू नयेत. डोळे बघितले की माणूस पाकीट काढतो.

न्यूझीलंडच्या ग्राहक कायद्यात धंदेवाल्याकडून घेतलेलं पिल्लू हा ‘माल’ ठरतो. सदोष निघाल्यास दाद मागता येते. मात्र खुबे कुरकुरायला लागेपर्यंत हा माल सोफ्यावर झोपायला शिकलेला असतो. परत कोण करणार? घरची मंडळी आधी स्नेह्यांनाच परत करतील.

डोंगरी कुत्राच हवा, तर त्या देशाचा स्वतःचा आहे की! हंटअवे. डोंगरउतारावरचा मेंढरांचा कळप दुरून भुंकून हाकणारा. मेंढपाळांनी शंभराहून अधिक वर्षं त्याला एकाच कसोटीवर निवडलं: दिवसभर डोंगर चढतो का आणि आवाज पोचतो का. रंग, केस, कान, काय असतील ते असोत. केनेलवाल्यांनी या गड्याला 2013 साली देशाची पहिली जात म्हणून मान्यता दिली. दुखणी त्यालाही आहेत, पण निदान निवड आरशासमोर झालेली नाही. अर्थात त्या सतरंजीवर तो उभा राहून भुंकला, तर कौन्सिलची माणसं दारात येतील. भुंकण्याच्या तक्रारीची सोय तिकडच्या कायद्यात आहे. तेव्हा हंटअवेही बाद.

अखेर स्नेह्यांना एक चांगली पैदासकार भेटली. तिनं खुब्यांचे गुण न विचारता दाखवले, आजी दहा वर्षांची होऊन गेल्याचं सांगितलं, आई समोर आणून बसवली. मग वही उघडली. दिवसभर घरी कोण असतं? कुंपण किती उंच? उन्हाळ्यात त्याला कुठे ठेवाल? याआधी कुत्रा होता का, तो कसा गेला? भारतात गेलात की मागे कोण बघणार? स्नेही म्हणतात, स्वतःच्या लग्नात सासऱ्यांनी एवढं विचारलं नव्हतं.

आठ दिवसांनी नकार आला.

‘‘काय कारण दिलं?’’ मी विचारलं.

‘‘सरळ लिहिलं, अंगण लहान आहे.’’ मग जरा घुश्शात म्हणाले, ‘‘पत्रिका जुळत नाही म्हणायची तरी रीत असते की नाही?’’