शैलीचा हंगाम

एप्रिल लागला की नागपुरात कूलरची खस बदलतात. यंदा मी सोबत लेखनशैलीही बदलायला काढली.

पहिला आठवडा कवी ग्रेसचा. संध्याकाळ, चर्च, पाऊस एवढं साहित्य जमवलं, पूर्णविराम काढून टाकले. बायकोनं वाचून कपाळाला हात लावून पाहिला, म्हणाली, "ऊन लागलं का जी?"

मग सुरेश भट. 'गझलेची बाराखडी' समोर ठेवली. रदीफ सापडला, पण काफिया कस्तुरचंद पार्कजवळच्या पोह्यांत बुडाला. 'तर्री'ला जोड शोधता शोधता दुसरी प्लेट संपली.

तिसरा आठवडा नाटककार एलकुंचवारांचा. पात्रांना मौन दिलं. तीन पानं कोणीच बोलेना. मौनाला वजन यायला आधी पात्रं लागतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग हिशेब मांडला. ग्रेसचा पहिला कवितासंग्रह १९६७चा, 'चर्चबेल' हे ललितलेखन १९७४चं. मध्ये सात वर्षं. साहित्य अकादमी मिळायला २०११ उजाडलं, तेही ललितलेखनासाठीच. एलकुंचवार तर तीन नाटकं एकाच वाड्यात मुक्कामाला होते. मी तीन आठवड्यांत तिघांच्या दारात जाऊन आलो. चहाही कुठं मिळाला नाही.

चौथ्या आठवड्यात दूधवाल्यासाठी दाराला चिठ्ठी लावली : 'भाऊ, उद्या अर्धाच लिटर देजा.' रूपक नाही, मौन नाही, काफिया तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी बरोबर अर्धा लिटर आलं.