पावसात पतंग

गिरगावातला माणूस फुलपाखरं बघायला येऊरला जातो, संजय गांधी उद्यानात जातो, फार तर ठाण्याच्या ओवळेकर वाडीत. भुयारी मेट्रोचं एक टोक तर आरेलाच आहे. मी दुसऱ्या टोकाला जातो. गिरगावपासून सहावं स्थानक, कफ परेड. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी असा जामानिमा बघून चाळीतले नाना विचारतात, "हिमालय का?" कफ परेडचा कोळीवाडा, मच्छीमार नगर, म्हटलं की म्हणतात, "मग बोंबलांना वेगळी पिशवी न्या."

मेट्रो 2025 च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पोचली. माझी पहिली स्वारी त्याआधीच्या एका जुलैतली, बसने आणि भिजत. जुलैअखेरचा एक आठवडा जगभर पतंगांचा म्हणून पाळतात. म्हटलं, आपणही पाळू. मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद. होड्या ताडपत्रीखाली, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. म्हणजे मला प्रेक्षक भरपूर.

पोचल्या पोचल्या चौकशी झाली. कोण, कुठले, पिशवीत काय. राग मानायचं कारण नव्हतं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी रबरी होडीतून याच किनाऱ्याला लागले, तेव्हाही त्यांना पहिल्यांदा हटकलं ते इथल्या कोळ्यांनी. तेव्हा अंधारात पिशवी घेऊन आलेल्या माणसाने इथे सगळं नीट सांगावं. मी नीट सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला.

"पतंग बघायला आलोय."

"पावसान पतंग?" जाळ्यातून मान वर न काढता एक आजोबा म्हणाले. "संक्रांत गेली कवा!"

दिव्यावर येणारे पतंग, असा खुलासा केल्यावर परवानगी मिळाली. बहुधा कीव आली असावी. एका पत्र्याच्या शेडीत मी घरची पांढरी चादर ताणून बांधली आणि तिच्यासमोर मोठा दिवा लावला. पाच मिनिटांत पंचवीसेक पोरं चादरीसमोर मांडी घालून बसली. मागे बायका उभ्या राहिल्या. कुणीतरी पुढच्याला "ए, खाली बस" म्हणून ओरडलं. दहा मिनिटं झाली तरी पडद्यावर नुसती चिलटंच. शेवटी एक पोरगा उठून माझ्याजवळ आला. "काका, पिक्चर कंचा हाय?"

आणि त्याच क्षणी नायक आला. कण्हेरीवरचा पतंग. चांगला बोटभर लांब, लष्करी गणवेशासारखा हिरवा, त्यात गुलाबी नि पांढुरके पट्टे, पंख मागे खेचून बसलेला, जणू धावपट्टीवरचं लढाऊ विमान. याची अळी विषारी कण्हेर खाऊन धडधाकट राहते. शिट्ट्या पडल्या. मी गुडघ्यावर बसलो, श्वास रोखला, फोकस लावला, आणि चौकटीत डावीकडून पाल शिरली. माझ्याकडे त्या पतंगाचा एकच फोटो आहे. त्यात पाल अप्रतिम आली आहे.

तोवर पतंग दिव्यावर जीव ओवाळतो वगैरे मी मानत होतो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने तेही काढून घेतलं. वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं, की बहुतेक किडे उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात. उजेड आभाळात असतो तोवर सगळं सुरळीत. दिवा शेजारी आला की पाठ तिकडे वळवता वळवता बिचारे गरगरतात. म्हणजे शायर ज्याला प्रेम समजत होते, ती घेरी होती.

सप्टेंबरात परत गेलो तर खाडीकडेची तिवरं करपल्यासारखी दिसत होती. पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या. मला वाटलं, कुणी विष घातलं. जवळ जाऊन बघतो तर अळ्याच अळ्या. या अळ्यांचा पतंग मुळात सागाचा शत्रू. इथे खाडीकडेला साग कुठला, म्हणून तिवरावर भागवतो. काही आठवड्यांनी तिवरं पुन्हा हिरवी. हिवाळ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, मला सर्दी झाली होती.

खरा साक्षात्कार पुढच्या ऑक्टोबरात झाला, मेट्रोने गेलो तेव्हा. वलांडीवर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील वाळत होते. मी शेजारच्या घाणेरीच्या फुलांवर लेन्स रोखून अर्धा तास उभा. एक फुलपाखरू येईना. मागे वळलो, तर टोपलीतून गळलेल्या मासळीच्या पाण्याच्या ओल्या डागावर फिकट पिवळी सात फुलपाखरं ओळीने सोंड खुपसून बसलेली. नाव कॉमन एमिग्रंट. म्हणजे स्थलांतरित, मुंबईत जरा हळूच घ्यावं. याला चिखलपान म्हणतात. फुलातल्या मधात साखर असते, पण मीठ नसल्यासारखंच. ते असं ओल्या मातीतून, शेणातून, मासळीच्या पाण्यातून मिळवायचं. पिणारे बहुतेक नर. मीलनाच्या वेळी ते मीठ मादीला देतात आणि ते अंड्यांच्या कामी येतं. मिठाची पुडी घेऊनच बोहल्यावर उभं राहायचं म्हणा ना.

मी त्या डागाशेजारी पोटावर आडवा झालो. शर्टाचं काय झालं ते घरी ऐकलं. सोंडेचं टोक ओल्या सिमेंटला टेकलेलं आणि शेपटीकडून पाण्याचा एक थेंब बाहेर पडलेला: मीठ ठेवून पाणी टाकून देतात ते. तेवढा एक फोटो साधला. एवढ्यात डोक्यावर सावली पडली.

"दादूस, फोटू काढून पोट भरतंय काय? म्हावरं घ्या, नायतर बाजूला व्हा."

"मावशी, ही फुलपाखरं तुमच्या मासळीवर येतात!"

"मंग? ताजी हाय म्हनून येतान."

जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी नऊनंतर जा. जुने कपडे घाला, कुणाचा फोटो काढण्याआधी विचारा आणि येताना पाव किलो सुका जवळा घ्या. मेट्रोत शेजारची जागा आपोआप रिकामी होते.