शेवटचा आकडा

पाटसच्या आमच्या घराच्या भिंतीवर मी स्वतःच्या हातानं ऑइलपेंटनं लिहिलं : 'घर विकणे आहे. मालक स्वतः. एजंटांनी फोन करू नये.' खाली मोबाइल नंबर. संध्याकाळपर्यंत सात फोन आले. सातही एजंटांचे.

"मालकच का?" पहिल्यानं विचारलं. म्हटलं, हो. "मग काम झालंच समजा. पार्टी तयार आहे. तुम्ही फक्त आमच्या दोन टक्क्यांचं बघा."

घर म्हणजे काय, तर दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं मोरी आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेला शेवगा. वडिलांनी पगारातून वीट-वीट जमवून बांधलेलं. अपेक्षा चौदा लाखांची. त्याचे दोन टक्के म्हणजे अठ्ठावीस हजार. आईला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "अठ्ठावीस हजारात तुझ्या वडिलांनी पाया काढून भिंती उभ्या केल्या होत्या. हा बाबा फोनवर बोलायचे घेतो?" विषय संपला. एजंट नाही म्हणजे नाही.

आमच्या गावाची एक पंचाईत आहे. एजंटाच्या जाहिरातीत जे जे खोटं असतं, ते पाटसला खरंच आहे. हायवे टच? पुणे-सोलापूर महामार्ग इथून जातो, टोलनाक्यासकट. रेल्वे? पुणे-दौंड गाडी थांबते. एमआयडीसी? कुरकुंभ शेजारीच, वारा तिकडून असला तर नाकालाही पत्ता लागतो. साखर कारखाना? आहे. बारामतीचा फाटा? तोही आहे. देवधर्म म्हणाल तर तुकोबांची पालखी दारावरून जाते आणि मग रोटी घाट चढते. फक्त 'पुण्यापासून एका तासावर' एवढंच जरा सांभाळून लिहावं लागतं. तो तास हडपसर झोपलेलं असतं तेव्हाचा.

इतका माल खरा असताना विकायला अवघड काय, असं मला वाटलं होतं.

अवघड हे की शहरात घर विकायला काढलं तर लोक भाव विचारतात; गावात कारण विचारतात. "काढलं का घर?" या तीन शब्दांत 'कोण आजारी आहे', 'कुणाचं देणं झालंय' आणि 'पोरगं काय उद्योग करून बसलंय' हे तिन्ही प्रश्न बसतात. किराणा दुकानदारानं दोन दिवस आमची उधारीची वही वरच काढून ठेवली होती. एजंट असला की घर विकणं हा धंदा वाटतो. आपण स्वतः विकलं की सुतकाला आल्यासारखे लोक ओसरीत येऊन बसतात, पाणी पितात आणि "चालायचंच" म्हणून उठतात.

आणि एजंट नको म्हटलं की अख्खं गाव एजंट होतं, तेही फुकट. त्यात आमचे चुलते. गिऱ्हाईक ओसरीत टेकलं रे टेकलं की हे हजर. "घर एक नंबर आहे," असं म्हणायचे आणि श्वास घेऊन पुढं, "मागच्या भिंतीला पावसाळ्यात जरा ओल येते, पण तेवढी कुठं नसते?" पाच गिऱ्हाइकं ओल बघायला मागं गेली. त्यातली दोन तिकडूनच बोळातून परस्पर निघून गेली. चुलते खोटं बोलले नाहीत. त्यांना खोटं बोलायचे कुणी दोन टक्के देत नव्हतं.

प्रत्येक गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं : "शेवटचा आकडा सांगा." अजून आपण पहिलाही सांगितलेला नसतो. दार उघडायच्या आत शेवट मागणारी ही माणसं लग्नाला गेली तर थेट वरातीलाच उभी राहत असतील. मी घसा खाकरून "चौदा" म्हणायच्या बेतात, तेवढ्यात आतून आई चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "घ्या हो. तुम्हाला काय जमेल ते द्या, घर चांगल्या माणसाला जावं." चहाबरोबर पन्नास हजार खाली. साखर वेगळी.

तिसऱ्या चहानंतर मला एजंटाचं मोल कळायला लागलं. तो गिऱ्हाईक आणतो म्हणून नव्हे. ते आजकाल भिंतच आणते. तो आपल्या वतीनं निर्लज्ज होतो. "साहेब, मालक ऐकत नाहीत हो," असं तो म्हणतो, तेव्हा मालक घरात बसून ऐकतच असतो. आपल्याला स्वतःच्या तोंडानं स्वतःविषयी "मालक ऐकत नाहीत" म्हणता येत नाही. मी एकदा म्हणून बघितलं. गिऱ्हाईक इकडंतिकडं बघायला लागलं.

म्हणून काही तो आपला माणूस होत नाही. हिशेब करा. घर चौदाऐवजी साडेचौदाला गेलं तर मला पन्नास हजार जास्त, त्याला हजार. हजारासाठी कोण आणखी महिनाभर फोन करत बसेल? त्याला व्यवहार हवा, लवकर. अमेरिकेत लेव्हिट आणि सिव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हेच आकड्यांत दाखवलं : एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते बाजारात साडेनऊ-दहा दिवस जास्त ठेवतात आणि साडेतीन टक्क्यांहून जास्त भाव काढतात. तिथं दलाली पाच-सहा टक्क्यांची. विकणाऱ्यांनी कोर्टात खेचलं आणि २०२४ मध्ये तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेनं ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडं एजंटावर कोण खटला भरणार? दोन टक्क्यांची पावती कुणाकडं असते? महारेरानं २०२४ पासून एजंटांना परीक्षा लावली, पण ती नोंदणी झालेल्या प्रकल्पांच्या एजंटांना. टपरीवर बसून जुनी घरं बसवणारा अजून मौखिक परंपरेतला आहे.

कागदाच्या बाबतीत तर तो एकच प्रश्न विचारतो, "टायटल क्लिअर आहे ना?" आपण 'हो' म्हटलं की त्याचं काम संपलं. माझंही 'हो' फार खणखणीत होतं. हातात ग्रामपंचायतीचा नमुना ८ होता ना! गावात तो उतारा लोक देव्हाऱ्यात ठेवतात. आणि तो काय आहे? घरपट्टी कुणाकडून वसूल करायची त्याची यादी. मालकीचा पुरावा नव्हे. म्हणजे वडिलांनी घरपट्टी भरली एवढंच ग्रामपंचायत शपथेवर सांगायला तयार. गावठाणाची ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका द्यायचं काम आपल्याच जिल्ह्यातल्या सोनोरीत, पुरंदर तालुक्यात, आधी करून बघितलं गेलं. मग एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं 'स्वामित्व' म्हणून ते इतर राज्यांत नेलं. वडिलांनी पन्नास वर्षं ज्या भिंतीला टेकून पेपर वाचला, ती भिंत त्यांचीच होती हे ड्रोनला वरून कळतं. खाली कळत नव्हतं.

मग बहिणी. घर वडिलांच्या नावावर, वडील गेलेले, मृत्युपत्र नाही. गावातले वकील नसलेले सगळे वकील म्हणाले, "ते २००५ च्या कायद्यानं बहिणींचं झालंय." चूक. २००५ चं ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचं. बापानं स्वतःच्या कमाईनं बांधलेल्या घरात, तो मृत्युपत्र न करता गेला तर, बायको, मुलगे, मुली यांचा सारखा वाटा १९५६ पासूनच आहे. म्हणजे एवढी वर्षं भावांनी जी साडी दिली ती भाऊबीज नव्हती, मुदतवाढ होती. एक बहीण भोसरीला, दुसरी कुर्डुवाडीला. दोघींनी एका शब्दानं वाटा मागितला नाही. फक्त सहीची तारीख पाचदा बदलली. मला वाटतं, वाटा त्यात आला.

शेवटी गिऱ्हाईक मिळालं. कुरकुंभला नोकरी करणारा पोरगा, लग्न नुकतं झालेलं. बोलणी बारा लाख पंचाहत्तर हजारांवर थांबली. त्याचा सासरा हळूच म्हणाला, "चार लाख रोख धरू या का?" म्हटलं, २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा वर रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला, आणि जेवढी रक्कम तेवढाच दंड. "म्हणजे देणाऱ्याला नाही?" सासऱ्याचा चेहरा उजळला. कायदा एवढ्या आनंदानं समजून घेताना मी कुणाला बघितलं नव्हतं.

पोरानं घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं. महाराष्ट्रात नवऱ्यांचं बायकोवरचं प्रेम १ एप्रिल २०२१ पासून बरोबर एक टक्क्यानं वाढलेलं आहे. महिलेच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात तेवढी सवलत मिळते.

खरेदीखत वाचायला बसलो. आम्ही 'लिहून देणार', ते 'लिहून घेणार'. लिहिलं होतं तिसऱ्यानंच. पुढं चतुःसीमा, आणि मग ती भरजरी ओळ : सदर मिळकत जल, तरु, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह दिली. "निधी-निक्षेप म्हंजे?" आईनं विचारलं. म्हटलं, पुरलेलं धन. आई गप्प झाली. मग म्हणाली, "आधी सांगायचं की. शेवग्याखाली खणून तरी बघितलं असतं." तिला सांगितलं की १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. "मग राहू दे तिथंच," आई म्हणाली. "त्यांच्या नशिबी असंल तर त्यांनी घालाव्यात खेपा."

अंगठे झाले, फोटो झाले. फोटोत बहिणी रडल्यासारख्या दिसतात, मी पकडल्यासारखा.

पोरानं घराला अजून रंग दिलेला नाही, त्यामुळे भिंतीवरचा माझा नंबर तसाच आहे. फोन येतात. परवा एकाचा आला. आवाज अनोळखी, वाक्य ओळखीचं : "शेवटचा आकडा सांगा." घर गेलं हे सांगायचं माझ्या ओठांवर होतं. पण इतक्या दिवसांची हौस राहिली होती, आणि आतून चहा घेऊन येणारं कुणी नव्हतं. म्हटलं, "साडेचौदा. एक रुपया कमी नाही. मालक ऐकत नाहीत."

"ठीक आहे," तो म्हणाला. "उद्या टोकन घेऊन येतो."